पुरंदर १६६५: किल्ला किती दिवस लढवायचा आणि कधी सोडायचा

प्रकरण थोडक्यात

३१ मार्च १६६५ रोजी मिर्झाराजे जयसिंहाच्या फौजेने पुरंदरला वेढा घातला. १२ जूनला किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि त्याच सुमारास झालेल्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ स्वतःकडे ठेवले. मराठी घरांत ही गोष्ट दोनच प्रसंगांत सांगितली जाते: किल्लेदार मुरारबाजीचे रण आणि तहाची नामुष्की. या दोहोंमधले अडीच महिने मात्र सहसा कुणी सांगत नाही. माझ्या मते खरे शिकण्यासारखे सगळे त्या अडीच महिन्यांत आहे.

पुरंदर अभेद्य होता की नव्हता, हा प्रश्न मी इथे घेणार नाही. अभेद्य किल्ला कुठेच नसतो. मोक्याची जागा धरून ठेवण्याला तीन गोष्टींमुळे किंमत येते. शेजारची उंची कुणाकडे आहे, बाहेर आपली फौज हलती आहे की नाही, आणि किल्ल्याने मिळवून दिलेले दिवस आपण कशासाठी खर्च करतो. पुरंदरवर पहिली गोष्ट दोन आठवड्यांत गेली, दुसरी जयसिंहाने जवळजवळ होऊच दिली नाही, आणि तिसरीच्या जोरावर महाराजांनी राज्य वाचवले.

पार्श्वभूमी

पाच वर्षे मागे जावे लागेल. १६६० साली शाइस्तेखानाने चाकणला वेढा घातला. चाकण हा भुईकोट, आत मोजकी शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज. तरी फिरंगोजी नरसाळ्यांनी तो २१ जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला गेला, पण मोगलांचे २६८ लोक मेले आणि ६०० जखमी झाले. सपाटीवरच्या एका कोटाला एवढी किंमत, तर सह्याद्रीतल्या डोंगरी किल्ल्यांना किती, हा हिशेब मोगल छावणीत झालाच असणार. पुढची तीन वर्षे शाइस्तेखानाने मोठ्या डोंगरी किल्ल्याला हात घातला नाही. चाकण पडूनही जिंकला म्हणतात तो या अर्थाने.

त्यानंतर एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावरचा छापा, आणि जानेवारी १६६४ मध्ये सुरत. औरंगजेबाला आता नुसता सुभेदार पाठवून भागणार नव्हते. त्याने मिर्झाराजे जयसिंहाला निवडले आणि सोबत दिलेरखान दिला. जयसिंह ३ मार्च १६६५ रोजी पुण्यात आला.

त्याच्या तयारीकडे पाहिले की कळते, हा माणूस किल्ल्यांपासून सुरुवात करणारा नव्हता. किल्ले ज्याच्या आधारावर उभे असतात तो आधार त्याने आधी काढायला घेतला. विजापूर मराठ्यांच्या मदतीला येऊ नये म्हणून आदिलशहाला धाकात ठेवले. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, उत्तर कोकणातले संस्थानिक या सगळ्यांकडे पत्रे आणि माणसे गेली. मराठ्यांकडचे सरदार फोडण्यासाठी पैसा आणि मनसबीची, म्हणजे मोगल दरबारातल्या हुद्द्याची, आमिषे निघाली. जुन्नरला कुतुबुद्दीनखान, पुण्यात स्वतंत्र फौज, लोहगडासमोर ठाणे, शिरवळकडे ठाणे अशी चौकट बसली. ही सगळी ठाणी एकाच कामासाठी होती: एका किल्ल्यावर तोफा लावल्या की मराठ्यांच्या घोडदळाला मागून चावा घेता येऊ नये.

आणि महाराज त्या वेळी कुठे होते? फेब्रुवारीत ते मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेकडे, बसरूरच्या मोहिमेवर गेले होते. मोहीम यशस्वी झाली, पण परत येईपर्यंत मोगल फौज दाराशी आली होती. सुरुवातीचे काही आठवडे, जेव्हा शत्रूची जमवाजमव मोडता येते, तेच हातातून निसटले.

जागा

पुण्याच्या आग्नेयेला, सासवडच्या नैर्ऋत्येला हा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे साडेचार हजार फूट. वर उभ्या कड्यांचा बालेकिल्ला, त्याच्या खाली उत्तरेकडे रुंद माची, म्हणजे डोंगराची सपाट पायरी, माचीला तट आणि बुरूज. पूर्वेला भैरवखिंड, आणि खिंडीच्या पलीकडे वज्रगड, म्हणजे जुना रुद्रमाळ. वज्रगड उंचीने थोडा कमी आणि आकाराने बराच लहान. पण तो पुरंदरच्या माचीकडे थेट पाहतो.

राजगड, तोरणा, रायगड हे डोंगरांच्या आत दडलेले आहेत. त्यांच्यापर्यंत मोठ्या तोफा ओढून न्यायच्या तर घाटवाटा, जंगल आणि नदीनाले पार करावे लागतात, आणि प्रत्येक वळणावर मावळे असतात. पुरंदर तसा नाही. तो डोंगरांच्या पूर्वेकडच्या बाजूला, कऱ्हेच्या मोकळ्या पठारासमोर उभा आहे. बैलांच्या रांगा, धान्याचे तांडे, अवजड तोफा हे सगळे सासवडपर्यंत विनासायास येऊ शकत होते. जयसिंहाने सासवड निवडले त्याला आणखी एक कारण होते. तिथे बसले की मराठे आणि विजापूर यांच्या मधोमध बसता येत होते.

हाच पुरंदर १६४८ मध्ये महाराजांना यश देऊन गेला होता. तेव्हा आदिलशाहीकडून फत्तेखान आला होता. त्या लढाईत मराठे किल्ल्यावर नुसते बसले नाहीत. शत्रू चढत असताना वरून मारा केला, मग बाहेर पडून त्याला पिटाळून लावले. फौज लहान होती, तोफांचा जोर नव्हता, आणि मराठ्यांना मैदान मोकळे होते. १६६५ मध्ये यातले काहीच नव्हते. जुन्या यशामुळे किल्ल्यावरचा भरवसा वाढतो, पण ते यश ज्या परिस्थितीत मिळाले ती टिकून आहे का, हे दर वेळी नव्याने तपासावे लागते.

पहिला तिढा: वज्रगड

दिलेरखानाने पुरंदरला चारी बाजूंनी मोर्चे लावले, पण जोर लावला तो वज्रगडावर. यात त्याचे आणि जयसिंहाचे एकमत होते. अब्दुल्लाखान आणि फत्तेलष्कर नावाच्या मोठ्या तोफा डोंगरावर चढवायला प्रत्येकी तीन-साडेतीन दिवस लागले. वरून मराठ्यांचा मारा चालू होता. तरी तोफा चढल्या, आणि वज्रगडाच्या एका बुरुजाचा पाया खिळखिळा होईपर्यंत मारा झाला. १३ एप्रिलला मोगल बुरुजात घुसले. १४ एप्रिलला, माऱ्यापुढे निभाव लागेना तेव्हा, शिबंदीने किल्ला सोडला. मोगलांचे ८० लोक मेले, १०९ जखमी झाले.

वज्रगडाची शिबंदी जयसिंहासमोर आणली गेली तेव्हा त्याने त्यांना मारले नाही, कैदेतही टाकले नाही. शस्त्रे काढून घेतली, म्होरक्यांना वस्त्रे दिली आणि घरी जाऊ दिले. शेजारच्या डोंगरावर लढणाऱ्यांनी हे पाहावे, हाच हेतू. किल्ला धरणाऱ्या माणसाला "शरण गेलो तर मरणारच" असे वाटत असेल तर तो शेवटपर्यंत लढतो. जयसिंहाने नेमका तो धागा कापला.

लष्करी दृष्टीने पुरंदरचे भवितव्य त्या दिवशी बऱ्याच अंशी ठरले. आता तोफा वज्रगडावरून माचीच्या तटावर सरळ मारा करू शकत होत्या. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी लिहिताना बजावले आहे की गडाजवळ दुसरा डोंगर असू नये. असलाच तर सुरुंग लावून फोडून तो गडाच्या आहारी आणावा, ते जमण्यासारखे नसेल तर तोही बांधून मजबूत करावा. हा नियम मला तरी नुसता ग्रंथी वाटत नाही. असे नियम कुणीतरी कुठेतरी किंमत मोजून शिकलेले असतात.

वज्रगड बांधलेला होता, त्यावर शिबंदी होती, म्हणजे धोका ओळखलेला होता. पण शत्रूचा सगळा जोर आधी तिथेच येणार हे धरून जर दारूगोळा, माणसे आणि तोफा यांचा मोठा वाटा वज्रगडावर दिला असता, तर तो दोन आठवड्यांऐवजी महिना टिकला असता का? मला वाटते, टिकला असता. मुख्य किल्ल्यावर भर देणे आणि सोबतच्या लहान किल्ल्याला पुढचे ठाणे समजणे, ही डोंगरी किल्ल्यांच्या बचावातली वारंवार दिसणारी चूक आहे. प्रत्यक्षात लहान डोंगरच मोठ्याचे दार असतो.

समोरचे पर्याय

वज्रगड पडल्यावर महाराजांपुढे चार-पाच वाटा होत्या, आणि एकही सोपी नव्हती.

पहिली वाट पुरंदर तेव्हाच सोडण्याची. माणसे वाचली असती, पण जयसिंह एप्रिलमध्येच मोकळा होऊन राजगडाकडे वळला असता, आणि तहात बोलायला काही उरले नसते.

दुसरी वाट बाहेरून वेढा मोडण्याची. ही मराठ्यांची नेहमीची रीत. तसे प्रयत्न झालेही. एप्रिलच्या सुरुवातीला महाराजांचे सरनौबत नेतोजी पालकरांनी परंड्याच्या बाजूला मुसंडी मारली, पण जयसिंहाने लगेच फौज पाठवून ती अडवली. पुरंदरभोवती मराठ्यांनी मोगल मोर्च्यांवर रात्रीचे हल्ले केले. एका हल्ल्यात रसूलबेगाच्या मोर्च्यातल्या तोफांच्या कानात मेखा ठोकल्या. एकदा तर मराठ्यांची तुकडी दाऊदखान कुरेशीच्या पहाऱ्यातल्या चोरदरवाजातून थेट किल्ल्यात शिरली. त्यावरून दिलेरखान आणि दाऊदखानात कडाक्याचे भांडण झाले. पण हे चावे होते, वेढा उठवणारा घाव नव्हता. वेढा उठवायचा तर सासवडची रसद तोडावी लागते, आणि रसदीच्या वाटेवर जयसिंहाची ठाणी आधीच बसली होती.

तिसरी वाट विजापूरशी हातमिळवणी. महाराजांनी हा धाक बोलण्यात वापरला. आम्हाला झिडकाराल तर कोकणातला घेतलेला मुलूख आदिलशहाला परत देऊन त्याच्याशी एक होऊ, असे जयसिंहाच्या कानावर गेले. हा धाक पोकळ नव्हता, कारण जयसिंहाला सर्वांत मोठी भीती याचीच होती. तो बादशहाला लिहितानाही हेच कारण पुढे करत राहिला.

चौथी वाट, पुरंदर शक्य तितके दिवस लढवायचा आणि तेवढ्या दिवसांत तहाची बोलणी चालवायची. महाराजांनी ही धरली. आरंभापासून पत्रे जात होती, मे महिन्याच्या उत्तरार्धात महाराजांचे वकील रघुनाथपंत जयसिंहाच्या छावणीत गेले. जयसिंहाचे म्हणणे एकच होते: शिवाजीने स्वतः यावे.

पाचवी वाट शेवटच्या माणसापर्यंत लढण्याची. आजच्या भावनेला ती सर्वांत जवळची वाटते. त्या क्षणी ती सर्वांत महाग होती, आणि त्याचे कारण किल्ल्याच्या आतच होते.

दुसरा तिढा: किल्ल्यात कोण होते

बखरीतल्या आकड्यांप्रमाणे पुरंदरवर दोनएक हजार लढणारे लोक होते. पण किल्ला रिकामा झाला तेव्हा मोगलांनी मोजलेली माणसे सात हजार. त्यातले चार हजार लढणारे, बाकी बायका आणि मुले. लढणाऱ्यांच्या आकड्यात फरक आहे, पण खरी बाब वेगळीच. मराठ्यांच्या अनेक प्रमुख माणसांची कुटुंबे पुरंदरवर होती.

ती तिथे का ठेवली हे समजण्यासारखे आहे. मोगल स्वारी येते म्हटल्यावर गावे असुरक्षित, आणि महाराजांच्या ताब्यातल्या मोठ्या किल्ल्यांत पुरंदर भक्कम. शिवाय १६५७ मध्ये संभाजीराजांचा जन्म याच किल्ल्यावर झाला होता. राजघराण्याने घर मानलेली ही जागा. पण शत्रू सर्वांत आधी जिथे येणार त्या पुढच्या किल्ल्यावर कुटुंबे ठेवली, की किल्ल्याचे काम बदलते. लढवून वेळ काढायची आणि प्रसंग आल्यावर सोडून द्यायची जागा तो उरत नाही. तो पडू देणेच अशक्य होऊन बसते. जयसिंहाला हे ठाऊक होते. पुरंदरवर तोफा डागताना तो दूरच्या प्रत्येक सरदाराच्या घरावर दडपण आणत होता.

सबंध प्रकरणात हा निर्णय मला सर्वांत महाग वाटतो. वज्रगडापेक्षाही. वज्रगड गेल्यावर लढाई अवघड झाली, पण कुटुंबे आत असल्यामुळे पर्यायच कमी झाले.

मुलुखावरचा हल्ला

एप्रिलच्या २५ तारखेला जयसिंहाने दाऊदखानाला सहा-सात हजार स्वारांनिशी पुरंदरच्या वेढ्यातून काढले आणि राजगड, रोहिडा, कोंढाण्याच्या पायथ्याकडे पाठवले. दिलेरखान आणि दाऊदखान यांचे भांडण मिटवण्याची ही युक्तीही होती. या फौजेने रोहिड्याच्या परिसरात पन्नासएक गावे जाळली, शिवापूरकडे वळली, गुरे आणि माणसे धरून नेली. लोहगडाच्या बाजूला कुतुबुद्दीनखानाने तेच केले.

यातला हिशेब साधा आहे. डोंगरी किल्ला धान्यावर, वैरणीवर आणि घेऱ्यातल्या, म्हणजे पायथ्याभोवतीच्या मुलुखातल्या, माणसांवर चालतो. गावे जळाली की किल्ले उभे असूनही आतून वाळतात. महाराजांनी पुरंदर आणखी दोन महिने लढवला असता तर राजगडाच्या पायथ्याची पुढच्या वर्षाची पेरणीच बुडाली असती. लष्करी नकाशावर दिसत नाही असे हे नुकसान तहाच्या वेळी महाराजांच्या मनात नक्की असणार.

मुरारबाजीचा निर्णय

मुरारबाजी देशपांडे मूळचे जावळीच्या मोऱ्यांकडचे. जावळी घेतल्यावर महाराजांकडे आले. पुरंदर त्यांच्याकडे होता. मे महिन्यात मोगल माचीला भिडू लागले तेव्हा निवडक ७०० माणसे घेऊन ते किल्ल्याबाहेर पडले आणि दिलेरखानाच्या पठाणांवर तुटून पडले. बखरकारांनी ५०० पठाण पडल्याचे लिहिले आहे. मुरारबाजी दिलेरखानापर्यंत पोहोचले. खानाने त्यांचे शौर्य पाहून कौल, म्हणजे अभयाचे वचन, देऊ केला, त्यांनी तो धुडकावला, आणि तिथेच पडले. त्यांच्याबरोबर ३०० मावळे गेले. उरलेले लढत किल्ल्यात परतले.

मी हा प्रसंग वाचतो तेव्हा मान आपोआप झुकते, आणि ती झुकायलाच हवी. तरीही प्रकरण अभ्यासायला बसलो आहोत तर निर्णय तपासायला हवा. वेढ्यातून बाहेर पडून हल्ला करणे यात चूक काहीच नाही. बसून राहिलेली शिबंदी हळूहळू खचते. प्रश्न लक्ष्याचा आहे. वज्रगडावरच्या तोफा, भैरवखिंडीतले मोर्चे, किंवा दारूचा साठा यांपैकी एखाद्या गोष्टीवर हा घाव पडला असता तर वेढा आठवडे मागे गेला असता. मुरारबाजींनी सेनापती निवडला. दिलेरखान पडला असता तर पठाण फुटले असते, हा विचार त्यामागे असणार, आणि तो अगदीच अवास्तव नव्हता. पण किल्लेदार पडण्याची शक्यता शत्रूचा सेनापती पडण्यापेक्षा कितीतरी जास्त होती.

मोठेपण त्यानंतर दिसते. किल्लेदार पडला, शिबंदीचा मोठा हिस्सा गेला, वरून तोफा चालू, तरी पुरंदर उघडला नाही. मुरारबाजी पडले तर काय झाले, आम्हीही तसेच लढू, असे आतल्या लोकांनी ठरवल्याचे बखरकार सांगतात. एका माणसावर टांगलेला बचाव नव्हता, म्हणून तो टिकला. मृत्यूनंतरही तीनएक आठवडे किल्ला लढत राहिला, याचे श्रेय मुरारबाजींनी घडवलेल्या शिबंदीला जाते.

माचीवरची शेवटची लढाई

माचीच्या ईशान्य बाजूला सफेद बुरूज आणि काळा बुरूज. मोगलांनी लाकडी ओंडके आणि फळ्यांचा उंच दमदमा उभारला आणि त्यावर तोफा चढवल्या, म्हणजे तटापेक्षा वरून मारा करता यावा. मराठ्यांनी वरून पेटते तेल, दारूचे हुक्के आणि धोंडे टाकून ते काम रोखले. ३० मेच्या संध्याकाळी इथे घनघोर लढाई झाली. मराठ्यांनी साठवलेल्या दारूचा अवेळी भडका उडाला आणि त्यांचीच ८० माणसे त्यात गेली. सफेद बुरूज पडला, मग काळा. जूनच्या पहिल्या काही दिवसांत माचीचे पाच बुरूज मोगलांकडे गेले. बालेकिल्ला अजून मराठ्यांकडे होता, पण आता त्याची वेळ आठवड्यांत मोजायची होती.

काहीजण म्हणतात, पावसाळा आला असता तर वेढा आपोआप उठला असता. मला ते पटत नाही. चाकणचा वेढा सबंध पावसात चालला आणि चाकण ऐन श्रावणाच्या पावसात पडला. पावसाने मोगलांचे हाल झाले असते, तोफा अडकल्या असत्या, हे खरे. पण शेजारचा डोंगर आणि पाच बुरूज ज्याच्याकडे आहेत तो पावसात थांबतो, परत जात नाही.

तिसरा तिढा: केव्हा बोलायचे

महाराजांनी भेटीची वेळ कशी निवडली, याचे महत्त्व मोठे आहे. ११ जूनला ते पुरंदरच्या पायथ्याशी जयसिंहाच्या डेऱ्यात गेले. त्याच वेळी, ठरवून, दिलेरखान आणि जयसिंहाचा मुलगा किरतसिंह यांनी किल्ल्यावर चढाई केली. डेऱ्यातून ती दिसत होती. महाराजांनी तिथल्या तिथे सांगितले, माझ्या लोकांचा नाहक संहार नको, पुरंदर देतो. दुसऱ्या दिवशी किल्ला रिकामा झाला.

इथे मूल्यमापन करताना एक गोष्ट सोडू नये. त्या क्षणी पुरंदर पडलेला नव्हता. बालेकिल्ला हातात होता, जयसिंहाला तो घ्यायला आणखी रक्त आणि दिवस लागले असते, आणि दक्षिणेत विजापूर होते. पडलेल्या किल्ल्याला तहात मोल नसते. पडू घातलेल्या पण अजून उभ्या किल्ल्याला असते. पुरंदरच्या शिबंदीने अडीच महिने झुंजून महाराजांना नेमकी हीच गोष्ट मिळवून दिली.

काय दिले, काय राखले

२३ किल्ले आणि ४ लाख होनांचा (होन म्हणजे सोन्याचे नाणे) मुलूख गेला. १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख राहिला. संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळाली. विजापुरी मुलुखात, तळकोकणातला ४ लाखांचा आणि बालाघाटातला ५ लाखांचा प्रदेश मिळवण्याची मोकळीकही त्यात होती. बदल्यात ४० लाख होन १३ वर्षांत भरायचे होते.

दिलेल्या किल्ल्यांची नावे नकाशावर मांडली की महाराजांची नजर कळते. पुरंदर, वज्रगड, कोंढाणा, रोहिडा हे पुण्याच्या आणि नीरेच्या बाजूचे, पूर्वेच्या पठारासमोरचे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे पवन मावळातले, बोरघाटाच्या वाटेवरचे. माहुली, कोहोज, कर्नाळा उत्तर कोकणातले. म्हणजे जवळजवळ सगळी बाहेरची फळी. आणि राखले ते राजगड, तोरणा, रायगड, लिंगाणा. हे किल्ले एकमेकांच्या नजरेत आहेत, घाटमाथा आणि कोकण यांना जोडतात, आणि तिथे मोठ्या तोफा चढवणे महाकठीण. २३ विरुद्ध १२ हा आकडा ऐकून आपल्याला तह बुडीत वाटतो. पण किल्ले मोजून चालत नाही, कोणता किल्ला कशाला धरून आहे ते पाहावे लागते. महाराजांनी फांद्या दिल्या आणि खोड राखले.

मोगलांच्या बाजूने पाहिले तर जयसिंहाला २३ किल्ले मिळाले, म्हणजे २३ शिबंद्या, २३ किल्लेदार, आणि दर वर्षी २३ ठिकाणी धान्य, दारूगोळा आणि पगार. घेताना तो विजय वाटतो. राखताना तो खर्च होतो.

पुढे काय झाले

जयसिंहाची विजापूरवरची मोहीम फसली. महाराज १६६६ मध्ये आग्र्याला गेले आणि निसटून आले. जयसिंह १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला. औरंगजेबाचा मुलगा शाहजादा मुअज्जम आणि दिलेरखान यांचे पटेना.

१६७० च्या सुरुवातीला महाराजांनी तह मोडला. ४ फेब्रुवारीला तानाजींनी मोगल किल्लेदार उदयभानाकडून कोंढाणा घेतला आणि तिथेच पडले. ८ मार्चला नीळोपंत मुजुमदारांनी पुरंदर घेतला, किल्लेदार रझीउद्दीनखान हाती लागला. ज्या किल्ल्याला जयसिंहाने तोफा, दमदमे आणि अडीच महिने खर्च केले, तो मोगलांनी पाच वर्षांत गमावला. माहुलीवर पहिला हल्ला मात्र फसला. तिथल्या मनोहरदास गौड नावाच्या किल्लेदाराने मराठ्यांना मागे रेटले. पण पुरेशी माणसे आणि रसद मिळेना म्हणून त्याने नंतर राजीनामा दिला, आणि जूनमध्ये माहुलीही पडला. एक चांगला किल्लेदार आणि त्याच्या पाठीशी कुणीच नाही, हे चित्र मुरारबाजींच्या उलट टोकाचे आहे. मुरारबाजींच्या मागे जिवाला जीव देणारी शिबंदी होती, आणि त्यांनी मिळवलेल्या दिवसांचा उपयोग करणारा राजाही.

वेगळे काय करता आले असते

दोन गोष्टी मी वर म्हटल्याच आहेत: वज्रगडाला मुख्य किल्ल्याइतके वजन, आणि कुटुंबे मार्चमध्येच राजगडाकडे किंवा कोकणात. त्यात आणखी एक घालावी लागेल. जयसिंह पुण्याहून सासवडकडे सरकत असताना, मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, त्याच्या बैलांवर आणि तोफांवर मोठा घाव घालायला हवा होता. वाटेतल्या तोफेला ना तट असतो ना मोर्चा. एकदा ती वज्रगडासमोर चढली की तिला हलवणे अवघड. त्यासाठी महाराज आणि मुख्य घोडदळ मार्चच्या सुरुवातीला पुण्याच्या परिसरात असायला हवे होते. बसरूरच्या मोहिमेची खरी किंमत इथे मोजावी लागली.

कुटुंबांबाबतचा प्रश्न मराठ्यांपुढे चोवीस वर्षांनी पुन्हा आला. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर १६८९ मध्ये झुल्फिकारखानाने रायगडाला वेढा घातला. किल्ल्यावर येसूबाई, बाळ शाहू आणि राजाराम महाराज, सगळे होते. या वेळी निर्णय वेगळा झाला. येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज वेढा घट्ट होण्याआधी बाहेर पडले आणि पुढे जिंजीला गेले. येसूबाई आणि शाहू किल्ल्यावर राहिले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि ते मोगलांच्या कैदेत गेले. शाहूराजे १७०७ पर्यंत तिथेच राहिले. पण रायगडाने जे महिने मिळवून दिले त्यात छत्रपती निसटले, आणि पुढची आठ वर्षे झुल्फिकारखानाची फौज जिंजीच्या तीन डोंगरांभोवती अडकून पडली.